पाहुण्याची खोली

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिचं संकुल आखताना बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांच्या मुक्कामाचीही सोय केली. ही दृष्टी सगळ्याच विद्यापीठांना हवी.

विद्यापीठाच्या अतिथिगृहात परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती बहुतेक ठिकाणी होते. पण मध्यरात्री विमानतळावरून थकून आलेल्या माणसाला गीझरचं बटण न्हाणीघराबाहेर आहे, पिण्याचं पाणी कुठलं, हे कोण सांगणार? मेसला कुलूप लागल्यावर त्याने जेवायचं कुठे? रखवालदाराकडे किल्ली आणि पाहुण्याचं नाव संध्याकाळीच पोचलं, तरी निम्मा त्रास वाचतो. म्हणून या अंकात आम्ही अतिथिगृहांचे व्यवस्थापक, रखवालदार आणि स्वयंपाकी यांना बोलतं केलं आहे.