व्हिडिओ कोण काढत होतं?

जुलै २०२४ मध्ये शिवडी स्थानकावरचा एक व्हिडिओ देशभर फिरला. सुटलेल्या लोकलच्या दांड्याला धरून एक तरुण फलाटावर पाय घासत गाडीबरोबर खेचला जातोय आणि कोणीतरी ते शांतपणे टिपतंय. रेल्वे सुरक्षा दलाचे लोक शोध घेत त्याच्या घरी पोचले, तेव्हा भलतंच समोर आलं. शिवडीचं चित्रीकरण मार्चमधलं होतं. त्यानंतर १४ एप्रिलला मशीद स्थानकावर असाच प्रकार करताना त्याने एक हात आणि एक पाय गमावला होता. लाखो लोक ज्याच्या धाडसाला टाळ्या किंवा शिव्या देत होते, तो तीन महिन्यांपूर्वीच अपंग झाला होता.

हार्बरवर शिवडीहून सीएसएमटीकडे निघालं की कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि मग मशीद. मी या पट्ट्यातला रोजचा प्रवासी आहे. ऑफिस नवी मुंबईत असल्याने सकाळी रे रोडला चढतो. त्याच डब्यात दारूखाना, माझगाव, भायखळ्याची कॉलेजची पोरं असतात. कोणी वाशी-नेरूळला जाणारी, कोणी पार पनवेलच्या इंजिनिअरिंग कॉलेजला. पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली, एका कानात इअरफोन, एक पाय आत आणि एक हवेत. ती सगळी स्टंटबाज नाहीत. बहुतेकांना फक्त पहिलं लेक्चर गाठायचं असतं.

असा व्हिडिओ आला की ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. संस्कार उरले नाहीत. मोबाइलने पोरं बिघडली. तिसरी प्रतिक्रिया आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको: आधी मुलाचं नाव बघितलं जातं, नावावरून वस्तीचा आणि वस्तीवरून समाजाचा निकाल लागतो. मग आपल्याकडचे वडीलधारेही पोरांना दुप्पट जोराने झापतात, कारण ‘तुमच्यामुळे आम्हाला ऐकून घ्यावं लागतं.’ बाहेरचे आणि घरचे, दोघांची समजूत मात्र एकच असते. संयम हा अंगभूत गुण आहे, ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, नाही त्याच्यात नाही. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि तिच्यापायी पोरांचे जीव जातात असंही वाटतं.

पहिला गैरसमज असा, की पोरांना धोका कळत नाही. कळतो. मानसशास्त्रज्ञ व्हॅलरी रेना आणि फ्रँक फार्ली यांनी २००६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. किशोरवयीन मुलं स्वतःला अमर समजतात हा समज त्यात टिकला नाही. उलट कित्येक धोके ती प्रत्यक्षाहून मोठे मानतात. फरक विचाराच्या पद्धतीत आहे. मोठा माणूस काही गोष्टींचा हिशेबच करत नाही, ‘हे करायचं नसतं’ म्हणून मागे होतो. विशीच्या आतबाहेरचा मुलगा हिशेब करतो: एका पारड्यात लहानशी शक्यता, दुसऱ्यात हमखास मिळणारी मजा. हिशेब म्हणून तो फार चुकतो असंही नाही. डब्यात एकाला मी विचारलं, तर तो हसत म्हणाला, ‘‘कुछ नहीं होता भाई, रोज का है.’’ हे वाक्य अडाणीपणाचं नाही. रोज लटकून रोज घरी पोचलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. म्हणूनच ‘जीव अनमोल आहे’ असं लिहिलेल्या फलकाखाली उभं राहून पोरं धावती गाडी पकडतात. फलक जे सांगतो ते त्यांना आधीच माहीत आहे.

इंजिनिअरिंग शिकलेल्यांना इथे चॅलेंजर यान आठवेल. २८ जानेवारी १९८६ रोजी ते फुटलं ते रॉकेटच्या जोडावरच्या रबरी कडीमुळे. त्या कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती. पण यान सुखरूप परतत राहिलं आणि प्रत्येक परतीबरोबर ती झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. तिथे निष्णात अभियंते होते, संयम नसलेली पोरं नव्हती. रोज काही घडत नाही, हाच सुरक्षिततेचा पुरावा होऊन बसतो, हे जर त्यांच्या बाबतीत खरं असेल, तर सकाळच्या गर्दीत वर्षभर दारात लटकणाऱ्या मुलाच्या बाबतीत का नसावं? सकाळी तो आत जागा नाही म्हणून लटकतो. अंगाला त्याची सवय होते. संध्याकाळी गाडी रिकामी असते, हात मात्र तसाच दांड्याला जातो आणि मित्राच्या हातात फोन असतो. स्टंट आणि नाइलाज यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी ठळक नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. त्यांच्यातल्या कोणाला रील बनवायची नव्हती.

आता त्या फोनकडे येतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला दिली. पिवळा दिवा लागला की थांबायचं की पुढे रेटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना सगळ्या वयाचे लोक साधारण सारखेच वागले. शेजारी मित्र बसले तेव्हा १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी घेतलेले धोके जवळपास दुपटीला गेले, १८ ते २२ च्या कॉलेजवयीनांचे साधारण दीडपटीला, आणि २४ च्या पुढच्यांवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. २०११ मध्ये याच गटाने मेंदूची छायाचित्रं घेत असाच खेळ पुन्हा खेळवला. या वेळी मित्र दुसऱ्या खोलीत होते. आपल्याला ते बघताहेत एवढंच मुलांना माहीत होतं. तेवढ्यानेही किशोरवयीनांच्या मेंदूतला बक्षिसाची चव घेणारा भाग जास्त पेटला आणि धोकाही जास्त घेतला गेला.

दुसऱ्या खोलीतले, न दिसणारे, पण बघणारे मित्र: याहून नेमकं वर्णन रीलचं करता येणार नाही. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. पडद्यावर आकडा कुठे दाखवायचा, तो किती वेळाने हलवायचा, लाल ठिपका कधी द्यायचा, यावर आमच्याकडे तासन्‌तास बैठका होतात. तो आकडा कोणाच्या डोक्यात काय करतो, हेही तपासलं गेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन शर्मन यांच्या गटाने २०१६ साली किशोरवयीनांना छायाचित्रं दाखवली. त्यांत धूम्रपान, दारू वगैरे धोकादायक गोष्टींची छायाचित्रंही होती. ती बघताना आवर घालणाऱ्या मेंदूच्या भागांतली हालचाल कमी होत होती. आणि छायाचित्र कसंही असो, ज्याला लाइक जास्त, त्याला मुलांचंही लाइक जास्त मिळत होतं. लाइकचे ते आकडे संशोधकांनी स्वतः ठरवून टाकले होते. असं यंत्र खिशात देऊन ‘मन आवर’ म्हणणं हा आमच्या पिढीचा विनोद आहे.

रे रोडबद्दल बोलायचं तर आणखी एक गोष्ट निघते आणि ती रेल्वेपुरती नाही. संयमाचा विषय आला की मार्शमेलोचा प्रयोग सांगितला जातो: समोरची मिठाई लगेच न खाता थांबणारं मूल पुढे आयुष्यात यशस्वी होतं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक शिबिरात ही गोष्ट येते. त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या ‘थांबण्या’चं भाकीत-बळ बरंचसं विरून गेलं. त्याआधी २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी आणखी सुंदर गोष्ट केली होती. मिठाई देण्याआधी त्यांनी मुलांना चांगले रंग आणून देण्याचा शब्द दिला. निम्म्या मुलांना तो पाळला, निम्म्यांना मोडला. शब्द पाळलेली मुलं मिठाईसमोर सरासरी १२ मिनिटं थांबली, मोडलेली ३ मिनिटं. ज्याला दिलेला शब्द पाळला जात नाही, त्याने हाताशी आलेलं लगेच उचलणं हा शहाणपणा आहे.

दारूखाना, कौला बंदर, लकडी बंदर या वस्त्या बंदराच्या जमिनीवरच्या. जमीन केंद्राच्या ताब्यातली, म्हणून कौला बंदरात कित्येक वर्षं महापालिकेचं नळाचं पाणी अधिकृतपणे मिळत नव्हतं. लोक पाणी विकत घेत आणि त्यासाठी शहरातल्या इतरांच्या कैक पट पैसे मोजत. हातोडा कधी येईल सांगता येत नाही. अशा घरातून निघून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलाने खरं तर संयमाची परीक्षा केव्हाच पास केलेली असते. त्याच्याकडे ‘उद्या’ नावाची वस्तू कमी आहे, आणि ती त्याने स्वतः घालवलेली नाही.

मग करायचं काय? उत्तराचा एक तुकडा रे रोडपासून तिसऱ्या स्थानकावर, वडाळ्याला सापडतो. २००९ च्या अखेरीस फायनल माइल या मुंबईच्या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर तिथे रूळ ओलांडणाऱ्यांचा अभ्यास केला. संस्था वर्तनविज्ञानाची, त्यामुळे प्रबोधनात वेळ घालवला नाही. मोठी वस्तू येताना आहे त्याहून हळू येतेय असं माणसाच्या डोळ्याला वाटतं, म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. ते पट्टे झपाट्याने गाडीखाली नाहीसे होताना दिसले की वेग खरा वाटतो. इंजिनचा एकच लांब भोंगा रोजच्या गोंगाटात विरतो, म्हणून मधे थांबा ठेवून दोन तुटक भोंगे. आणि फलकावर मजकुराऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे तीन मोठे फोटो, भीतीने डोळे फाटलेले. पुढच्या सहा महिन्यांत त्या जागेवरचे मृत्यू आधीच्या सहा महिन्यांच्या निम्म्याहून खाली आले. माणसं तीच होती, त्यांचे संस्कारही तेच होते.

आमच्या धंद्यात रात्री सर्व्हर बंद पडला तर कोणी बटण दाबलं यावर चर्चा संपवत नाहीत. ते बटण तिथे दाबता का आलं, हे विचारलं जातं. रेल्वेचा कायदा पहिल्याच प्रश्नाशी थांबतो. ताकीद देऊनही पायरीवर किंवा टपावर प्रवास केला, तर कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२४ साली २,४०० हून अधिक माणसं मेली. पाचशे रुपयांच्या पावत्या फाडून हा आकडा हलणार नाही. मुंब्र्यानंतर बिगर-वातानुकूलित गाड्यांनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली आहे. ते हार्बरवर कधी येणार, हा प्रश्न स्थानिक खासदाराला विचारत राहणं हे आपलं नागरिक म्हणून काम आहे.

कॉलेजांनाही विचारायला हवं. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण लेक्चर सुरू झाल्यावर दार लावून घेणाऱ्या प्राध्यापकाला, हार्बर पंधरा मिनिटं उशिरा धावते त्या दिवशी नेमकं काय शिकवायचं असतं? पहिल्या तासाला वीस मिनिटांची मुभा द्यायला पैसा लागत नाही.

राहिला तो फोन धरणारा. प्रत्येक व्हिडिओत दिसणारा एक आणि न दिसणारा एक असतो. आपण सगळा राग दिसणाऱ्यावर काढतो. संशोधन मात्र सांगतं, की खेळ बघणाऱ्यावर चालतो. म्हणून माझं सांगणं आहे, की कॉलेजात, मशिदीच्या अंगणात, क्लासमध्ये जिथे कुठे या विषयावर बोलाल, तिथे ‘स्टंट करू नका’ याऐवजी ‘तो दारात गेला की फोन खिशात टाक’ एवढंच सांगा. करणाऱ्याला त्या क्षणी थांबणं जड जातं. काढणाऱ्याला नाही; त्याचं डोकं त्या मानाने थंड असतं.

आणि आपण, तिशीतले? २०१६ मध्ये स्टाइनबर्ग यांच्याच सहकाऱ्यांनी १८ ते २२ वयाच्या तरुणांचे चारचारचे गट करून पाहिले. चौघेही समवयस्क असले की धोका वाढायचा. चौथा गडी २५ ते ३० चा ठेवला, की वाढ नाहीशी व्हायची. या चौथ्याने कसलंही प्रवचन दिलं नव्हतं. तो फक्त गटात होता. माझ्या डब्यात असे नोकरदार निदान दहा-बारा तरी असतात. सगळे आत, खिडकीपाशी, मान खाली घालून फोनमध्ये. पोरं दारात आपली आपण. मी गेल्या काही महिन्यांपासून दाराजवळच्या पार्टिशनला टेकून उभा राहतो. इंटर्नशिपबद्दल विचारतात, रेझ्युमे दाखवतात, पायथन की जावा यावर वाद घालतात. त्यासाठी आत वळावं लागतं, कारण दारात वाऱ्यामुळे काही ऐकू येत नाही.