ऊसतोडीला गेलेल्यांनी गावच्या निवडणुकीत मत द्यायचं कसं?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डी या पट्ट्यात एक प्रश्न हमखास येतो. आम्ही कारखान्यावर असणार, मग मत पोस्टाने पाठवता येतं का? नाहीतर जायच्या आधीच टाकून जाता येतं का?

सरळ सांगायचं तर, नाही. टपाली मतपत्रिका मिळते ती मुख्यतः निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्या कर्मचाऱ्यांना. फडात कोयता चालवणाऱ्याला ती मिळत नाही.

गोंधळ होतो तो २०२४ च्या लोकसभा-विधानसभेमुळे. तेव्हा ८५ च्या पुढच्या म्हाताऱ्या माणसांचं आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांचं मत घरी येऊन घेतलं. १२-डी फॉर्म आधी भरून द्यावा लागायचा. पण ती सोय केंद्रीय निवडणूक आयोगाची. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे. आयोग वेगळा, नियम वेगळे. त्यामुळे आजीचं मत तेव्हा घरून झालं म्हणून सरपंचाच्या वेळी पण होईल, असं धरून बसू नका.

आता तारखा बघा. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं. पुढची मोठी फेरी १८ डिसेंबर २०२२ ला. दोन्ही वेळा गाळप जोरात चालू होतं आणि टोळ्या सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या. सरपंच आता थेट जनतेतून निवडायचा, आणि वॉर्डाचा निकाल तर पाच-दहा मतांवर फिरतो. समसमान झाली तर चिठ्ठी. अशा ठिकाणी पन्नास कोयते बाहेर म्हणजे नवरा-बायको धरून शंभर मतं बाहेर.

मग उमेदवार गाडी लावतो. मुकादमाशी बोलणं करतो, खाड्याचे पैसे देतो, रात्रीतून माणसं आणतो आणि मतदान झालं की परत नेऊन सोडतो. मतदारांना अशी फुकट गाडी देणं आचारसंहितेत बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मजुराने करायचं काय? मजुरी टनावर, अंगावर उचल, त्यात मतदानाची सुट्टी कागदावरच. मत गुप्त असतं हो, पण कोण कोणाच्या गाडीतून उतरलं ते सगळा गाव बघतो. आणि ज्याच्याकडे डिझेलला पैसे नाहीत, तो उमेदवार अर्धा तिथंच हरला.

दुसरीकडे वाट निघाली आहे. केरळात डिसेंबर २०२० च्या स्थानिक निवडणुकीत कोरोनाच्या रुग्णांना खास टपाली मत दिलं, त्यासाठी नियम बदलले. बिहारमध्ये २८ जून २०२५ ला काही नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाईल अ‍ॅपवरून मतदान झालं, त्यात बाहेरगावी असलेले मजूरही धरले होते. केंद्रीय आयोगाने दूरवरून मतदानाचं यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पण विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते अडलं.

मोबाईलवरच्या मतदानाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. टोळीतले फोन कोणाच्या हातात असतात आणि कोपीत मुकादम बाजूला बसलेला असताना बटण कोण दाबणार, हे आधी सुटायला हवं. त्यापेक्षा स्वस्त उपाय तारखेचा. ऊसपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींचं मतदान टोळ्या परतल्यावर, पाऊस लागायच्या आत, एप्रिल अखेर ते मे महिन्यात घ्या. यंत्र लागत नाही. जानेवारी २०२१ ला निवडलेल्या पंचायतींची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला भरली. म्हणजे वेळेवर घ्यायचं म्हटलं तरी तारीख पुन्हा हंगामातच येते. ग्रामसभेत हा ठराव घेऊन तहसीलदारांमार्फत राज्य आयोगाकडे पाठवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

तोवर गावी यायचंच असेल तर निघण्याआधी गावातल्या कोणाला तरी यादीत नाव आणि वॉर्ड बघायला सांगा. कारखान्याच्या गावी नाव लावून घेऊ नका, नाव एकाच ठिकाणी राहतं आणि गावचं मत जातं. मतदार कार्ड स्वतःजवळ ठेवा, मुकादमाकडे नको. "घरबसल्या मत द्या" अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर उघडू नका. मतदान साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असतं. गाडीला उशीर झाला तरी साडेपाचच्या आत रांगेत उभे राहिलात तर मत घ्यावंच लागतं.