आजोबा खोटं बोलतात का?

दोस्तांनो, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यात कुणीही लिहू शकतं. समजा, तुम्ही लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावर हौसेनं लिहिलंत, 'दहा हजार माणसं गेली, असं आजोबा सांगतात.' दुसऱ्या दिवशी वाक्य गायब! शेरा काय, तर 'संदर्भ द्या.' राग येणारच. आजोबांनी स्वतः ढिगारे उपसले, ते खोटं बोलतील? मुळीच नाही. पण खात्री करायची तर नांदेडचा वाचक तुमच्या आजोबांना कुठं गाठणार? पुस्तक, जुनं वर्तमानपत्र त्याला उघडता येतं. गंमत म्हणजे छापील आकडेही जुळत नाहीत! कुठं ७,९२८, तर कुठं ९,७४८. तेव्हा भांडू नका, दोन्ही द्या. कोणता कुठून घेतला तेही लिहा. आजोबांची आठवण मात्र आजच वहीत उतरवा. उद्या ती कुठं छापून आली, तर तीच संदर्भ होईल.