फलकावर मराठी, फोनवर रोमन

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. सकाळची प्रार्थना आटोपून मी कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच आठवीतल्या एका मुलाची आजी दारात उभी राहिली. मुलाचे आईवडील कामानिमित्त पुण्याला, मुलगा आजीजवळ. आजींच्या हातात मुलाच्या बापाने घेऊन दिलेला मोबाईल होता. तो माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "मास्तर, शाळेतनं हे काय आलंय ते जरा वाचून दाखवा की. चार दिवस झाले, पोरगं तापानं झोपलंय, आणि मला काय ह्यातलं उमगंना."

मी वाचले. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना होती. जातीचा व उत्पन्नाचा दाखला घेऊन अमुक तारखेच्या आत भेटावे, एवढाच मजकूर. ती तारीख आदल्या दिवशीच उलटून गेली होती. सूचना मराठीत होती, पण लिहिली होती इंग्रजी अक्षरांत.

आजी जुन्या काळच्या चौथी पास. पोथी वाचतात, वर्तमानपत्र वाचतात, एसटीच्या पाट्या वाचतात. त्या सहज म्हणाल्या, "मराठीत असतं तर वाचलं असतं की हो मी."

ती सूचना लिहिणारा माणूस दुसरा कोणी नव्हता. मीच होतो. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेला आणि तीस वर्षे मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आलेला मुख्याध्यापक. घाईत होतो, अंगठा इंग्रजी अक्षरांना सरावलेला होता, म्हणून तसेच लिहिले. अर्ज गेला तो गेलाच. पुढे मी धावपळ केली, पण उपयोग झाला नाही.

वाचकहो, त्या दिवसापासून मी हा विषय मनातून काढू शकलेलो नाही. सीमाभागातील आपण मराठी माणसे १९५६ पासून एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळत आलो. सरकारी परिपत्रके मराठीतूनही द्या, ही आपली जुनी मागणी. दुकानाच्या फलकावरचे मराठी अक्षर पुसले गेले तर आपले रक्त उसळते, आणि उसळलेच पाहिजे. पण जे परिपत्रक आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे देवनागरीत मागतो, ते आपल्याच शाळेचा मुख्याध्यापक आपल्याच पालकांना रोमनमध्ये धाडतो, त्याचे काय? मोर्चाला किती वाजता जमायचे, हा निरोपसुद्धा आपण रोमनमध्ये पाठवतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आलेल्या अभिनंदनाच्या संदेशांपैकी निम्म्याहून अधिक रोमन लिपीत होते! बाहेरच्याने आपली अक्षरे पुसली तर तो अन्याय, आणि आपणच आपल्या अंगठ्याने पुसली तर ती सोय, हा कुठला न्याय?

यावर ठरावीक उत्तरे मिळतात. लग्नमांडवात, बसमध्ये, शिक्षकांच्या खोलीत मी ती इतक्या वेळा ऐकली आहेत की मला पाठ झाली आहेत. त्यांचा एकेक करून समाचार घेतो.

पहिले उत्तर : "मोबाईलवर मराठी लिहिणे अवघड आहे."

अवघड होते, तेव्हाचे सांगतो. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन. कारण तिथल्या छापखान्यात देवनागरी खिळेच नव्हते. त्या माणसाची अडचण खरी होती. पुढे १८०५ मध्ये बंगालातील श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले, तेव्हा छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवेनात. गणपत कृष्णाजींनी काय केले? शाईत तूप घातले! नवे यंत्र आले म्हणून ते रडत बसले नाहीत, की लिपीही टाकून दिली नाही. यंत्रालाच त्यांनी आपल्या घरात बसण्याजोगे करून घेतले.

मी स्वतः तरुणपणी टायपिंगच्या क्लासला जात होतो. तिथे इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशी तीन यंत्रे. प्रत्येकाच्या कळांची मांडणी वेगळी, त्यामुळे प्रत्येकासाठी बोटांना नवी सवय लावावी लागे. बोटे दुखत, जोडाक्षरांची फजिती होई. तरीही आम्ही शिकलो, कारण नोकरी हवी होती.

आज काय अडचण आहे? भारतीय लिप्यांसाठी संगणकाची प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये ठरली. त्याच वर्षी जगभरच्या लिप्या एका सूत्रात बांधणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. आपला 'ळ' तिच्यात आहे. 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला, हिंदीला न लागणारा अर्धा 'ऱ'सुद्धा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या मानकाप्रमाणे मोबाईलवर आपल्या सर्व अधिकृत भाषा वाचता आल्याच पाहिजेत. आपल्या खिशातल्या फोनमध्ये मराठीचा कीबोर्ड आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करायला दोन मिनिटे लागतात. स्टीफन्सकडे खिळे नव्हते म्हणून त्याने रोमन वापरली. आपल्याकडे सगळे असून आपण रोमन वापरतो. याला नाचता येईना अंगण वाकडे असे म्हणतात.

दुसरे उत्तर : "समोरच्याला कळले ना, मग झाले!"

खरेच कळते का? के, ए, एल ही तीन इंग्रजी अक्षरे घ्या. ती 'काल' आहेत, 'काळ' आहेत, 'कळ' आहेत की 'कल' आहेत? व्ही, ई, एल म्हणजे 'वेळ' की 'वेल'? डी, ए, एल म्हणजे 'डाळ', 'दळ' की 'दल'? आपण संदर्भाने ओळखतो हे मान्य. पण ओळखतो कोण? ज्याने हे शब्द आधी देवनागरीत वाचले आहेत तो! आपल्या डोळ्यांत जुनी पुंजी आहे, तिच्यावर आपण निभावून नेतो. आज आठवीत असलेल्या मुलाकडे ती पुंजी तयार होण्याआधीच त्याच्या हातात रोमन मराठी आली आहे. माझ्या वर्गातली मुले 'बाळ' आणि 'बाल' यांत गोंधळतात. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांच्यातला भेद ज्या लिपीत उरतच नाही, ती लिपी रोज तासभर वाचणाऱ्या मुलाकडून शुद्धलेखनाची अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

आणि ज्यांना मुळीच कळत नाही, ती माणसे आपण हिशेबातच धरत नाही. त्या आजी धरा, कामावर जाणारी एखादी मावशी धरा, गावाकडचे थोरले काका धरा. देवनागरी वाचू शकणाऱ्या माणसाला आपण आपल्याच घरात निरक्षर करून ठेवले आहे.

तिसरे उत्तर : "मुलांना इंग्रजीतच पुढे जायचे आहे, उगाच कशाला?"

इंग्रजी जरूर शिकवा. माझा विरोध नाही. पण रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी म्हणजे इंग्रजी नव्हे. तिने इंग्रजीचे स्पेलिंग सुधारत नाही. उलट ज्याला जसे सुचेल तसे अक्षर ठोकण्याची सवय लागते आणि तीच सवय इंग्रजीच्या पेपरात उतरते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. एका फटक्यात दोन भाषा बिघडवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

चौथे उत्तर नवे आहे : "आता लिहायचेच कशाला, बोलले की यंत्र लिहिते!"

ही सोय मी स्वतः वापरतो. डोळे अधू झालेल्यांना ती वरदान आहे. पण यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे वाचून पाहणार कोण? 'काळजी' म्हटल्यावर त्याने 'काजळी' लिहिले, तर ते पकडायला लिपी येणारा डोळा लागतोच. आणखी एक मुद्दा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून प्रश्न विचारला की निबंध लिहून देणारी यंत्रे घरोघर पोचली. ही यंत्रे भाषा शिकतात ती माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. जे विपुल आणि नीट लिहिलेले असेल ते त्यांना चांगले येते. आपण आपली मराठी वाटेल तशा रोमन अक्षरांत विखरून टाकली, तर यंत्र तरी काय शिकणार? आपल्या भागाचे बोलणे, "असंय की हो", "येतो की" यांतला तो 'की', कन्नडशेजारी नांदताना घडलेली आपली वळणे, ती देवनागरीत कोणी लिहिलीच नाहीत तर यंत्राच्या लेखी ती अस्तित्वातच नसतील. उद्या आपला नातू यंत्राला मराठीत विचारील, तेव्हा त्याला उत्तर मिळेल ते दुसऱ्याच कोणाच्या मराठीत. तेव्हा कोणावर मोर्चा नेणार?

इथे आमच्यातलेच काही जण मला अडवतील. म्हणतील, "सर, शत्रू बाहेर आहे, तुम्ही घरात कशाला शोधता?" मी एवढेच सांगतो की, या बाबतीत कन्नड माणूस आपला शत्रू तर नाहीच, तो आपल्याच दुखण्याने बेजार आहे. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाई परवा सांगत होत्या की, त्यांच्या घरचे निरोपही रोमनमध्येच येतात. फरक इतकाच की त्यांच्याकडे काही मंडळींनी चिकाटीने काम केले. के. पी. राव यांनी कन्नडसाठी कळांची सोपी मांडणी बसवली, कन्नड गणक परिषदेने 'नुडी' नावाची आज्ञावली तयार केली आणि ती कार्यालयांतून रुजली. आपल्याकडेही पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले आहे. पण आपण घरी त्याचा उपयोग किती करतो?

आणि दुभाषी जिल्ह्यातल्या पालकांना ठाऊक असायला हवी अशी गोष्ट तर शाळांतूनही कोणी सांगत नाही. संगणकावर इनस्क्रिप्ट नावाची कळांची प्रमाण मांडणी आहे. तिच्यात बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ', आणि 'ल'च्या कळीवर आपला 'ळ'. मुख्य म्हणजे ही मांडणी साऱ्या भारतीय लिप्यांना सारखीच आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क', त्याच कळीवर कन्नडचा 'क'. मला तीन यंत्रांवर बोटे तीनदा झिजवावी लागली. आजच्या मुलाने मांडणी एकदा शिकली की त्याची बोटे दोन्ही भाषा लिहितात. ज्या जिल्ह्यात मुलाला दोन्ही भाषा लागतातच, तिथे याहून मोठी सोय कोणती?

म्हणून त्या आजी येऊन गेल्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, शाळेची एकही सूचना रोमनमध्ये जाणार नाही असा नियम केला, आणि तो पहिल्यांदा स्वतःला लावला. सुरुवातीला एक सूचना लिहायला मला वीस मिनिटे लागत. आता चार लागतात. दुसरी, सातवीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास इनस्क्रिप्टसाठी दिला. आमच्याकडे संगणक सहा, त्यांतले दोन बंद. मुले चारांवर पाळीने बसतात. दोन महिन्यांत बरीचशी मुले कळांकडे न बघता परिच्छेद लिहू लागली. एका मुलीने विचारले, "सर, कन्नडच्या बाईंचा निबंधसुद्धा असाच लिहिला तर चालेल?" मी म्हटले, "चालेल काय, धावेल!"

यासाठी ठराव लागला नाही, अनुदान लागले नाही, कोणाची परवानगी लागली नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आपल्या हाती नाही. आपल्या फोनचा कीबोर्ड मात्र आपल्या हाती आहे, अगदी अक्षरशः.

तेव्हा हा अंक बाजूला ठेवलात की एवढे करा. आपल्या फोनमध्ये मराठी सुरू करा. स्वतःला जमत नसेल तर नातवाला सांगा, आणि तो करीत असताना त्याच्याकडून एक ओळ देवनागरीत लिहून घ्या. मंडळाच्या, संस्थेच्या, भावकीच्या ज्या ज्या गटात आपण आहात, तिथे पुढचा निरोप देवनागरीत धाडा. चुका होतील, होऊ द्यात. ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारीन, ते माझे कामच आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा यंदाही मला अनेक जण रोमनमध्ये पाठवतील. त्यांच्यावर मी रागावणार नाही. कालपरवापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. प्रत्येकाला उत्तर मात्र देवनागरीतच देईन. आणि त्या आजींच्या फोनवर पहिला संदेश धाडीन, तो त्यांना कोणाकडे न जाता वाचता येईल असा.