वही कशाला?

‘काका, आतां वही कशाला?’ असा प्रश्न भिवंडीच्या गोदामांत कारकुनी करणाऱ्या आमच्या पुतण्यानें परवां केला. त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. न्हावा-शेवा बंदरांतील कंटेनरांस २०१६ पासून रेडिओ-चकती लावतात. बंदराच्या फाटकावर व टोलनाक्यांवर तिची नोंद होऊन माल कोठवर आला हें घरबसल्या कळतें. परंतु जून २०१७ मध्यें जगभर पसरलेल्या संगणकीय विषाणूनें त्याच बंदरांतील एका टर्मिनलाचें काम बंद पाडलें आणि यंत्रावर विसंबलेल्या माणसांवर हातानें काम करण्याची पाळी आली. म्हणून आम्हीं त्यास सांगितलें, यंत्र अवश्य वापरावें, पण आवकजावकीची वहीही रोज लिहावी. पाढे पाठ असणाऱ्यासच गणकयंत्रावरील चूक उमगते.