तिसरीपासून ‘संगणकीय विचार’ : आंधळगावात टॅब आधी की खेळ आधी?

मोहाडी : तिसरीपासूनच पोरांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ‘संगणकीय विचार’ शिकवायचा, तेही २०२६-२७ च्या सत्रापासून, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अशी घोषणा झाली की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : टॅब कोण देणार? आंधळगावात तरी हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर असायला हवा.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे ते साधारण सहावीपासून. खालच्या वर्गांसाठी धोरणाने सांगितलेत ते कोडी आणि खेळ. लहान लेकराने स्क्रीनला डोळे लावून बसावं, असं त्यात नाही.

संगणकीय विचार म्हणजे तरी काय? मोठं काम लहान-लहान पायऱ्यांत तोडायचं, पायऱ्या बरोबर क्रमाने लावायच्या, तेच-तेच येतं ते ओळखायचं आणि चुकलं कुठे ते शोधून काढायचं. कोशाचा माग ज्या घरात आहे तिथे हे नवीन नाही. करवतीच्या दात्यांचा काठ विणताना कोणत्या ओळीला कोणता धोटा, किती वेळा, मग पुन्हा पहिल्यापासून, असा हिशेब चालतो. एक ओळ चुकली की काठच सांगतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच कल्पना उचलली. म्हणजे संगणकाचं नातं मागाशी जुनंच आहे.

आता खेळाचं. अमेरिकेत १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. तिच्यातलं कासव हुकमाप्रमाणे चालतं आणि मागे रेघ ओढतं. हा खेळ शाळेच्या पटांगणात खडूवरही जमतो. एक पोरगं कासव, दुसरं हुकूम देणारं. ‘चार पावलं पुढे, उजवीकडे ९० अंश वळ’, असं चारदा केलं की चौकोन. मग त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक पोरं ६० अंश म्हणतील आणि आकृती बंदच होणार नाही. वळायचं असतं १२० अंश. का, यावर वर्गात जे भांडण होईल, ते फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातं. इथे चूक झाली तर कुणी रागावत नाही, हुकूम बदलायचा आणि परत चालायचं.

हे जमलं की मग ‘स्क्रॅच’. एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून गोष्ट किंवा गेम बनवायचा. एकदा लॅपटॉपवर घेतलं की नेटशिवायही चालतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आहे, त्यात वाचता येण्याचीही गरज नाही.

आधी यंत्रं वाटून काय होतं, तेही आपल्याच राज्यात पाहून झालं. २००७ मध्ये रायगडच्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा जागतिक प्रयोग देशात पहिल्यांदा झाला. पुढे पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला : गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र पोचलं, शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

आपल्याकडेही २०१५ नंतर लोकवर्गणीतून अनेक जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ झाल्या. गावांनी मनापासून पैसे दिले, हे मान्यच. पण प्रोजेक्टरवर व्हिडीओ पाहणारं पोरगं पाहणारंच राहतं, बनवणारं होत नाही. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला तो घरात आधीच असलेला मोबाईल कामी यावा म्हणून.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के जागा पालकांच्या आहेत. टॅब मागायचा ठराव घ्यायच्या आधी समितीने तीन गोष्टी विचाराव्यात. गुरुजींना प्रशिक्षण किती दिवसांचं? एका पोराच्या हाताला आठवड्यात किती वेळ? आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून? पटांगणातलं कासव मात्र सोमवारपासून चालू शकतं, त्याला फक्त खडू लागतो.