फुकटाचं कार्ड आणि एक पेन्शनर

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला होता. आल्या आल्या त्यानं मोबाईल काढला, माझं आणि हिचं आधार कार्ड मागितलं, आमच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरून 'डोळे उघडझाप करा' म्हणाला आणि दहा मिनिटांत जाहीर केलं, "काका, झालं. तुम्हा दोघांचं सत्तरीवरच्या माणसांचं कार्ड निघालं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार फुकट."

मी म्हणालो, "मला विचारलंस का?"

यावरून जे सुरू झालं ते भाऊबीजेच्या जेवणापर्यंत चाललं. नातेवाईक मंडळी ब्लॉग वाचतात, त्यातल्या निम्म्यांनी तो वाद ऐकलेला आहेच. पण तोंडी वादात मी हरतो. आवाज चढला की ही मधे पडते आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून लिहून काढतोय.

सरकारी आरोग्य योजनांवर माझा आक्षेप आहे, हे आधीच कबूल करतो. गरिबाला उपचार मिळू नयेत असं म्हणणारा मी नाही. खर्च कुणी करायचा, कुणासाठी करायचा आणि पैसा कुठून आणायचा, याचा हिशोब न मांडता वाटप करण्याला माझा विरोध आहे.

पुतण्याच्या वयाला माहीत नसेल म्हणून थोडं जुनं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.च्या वर्गात होतो. गावाकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात आमच्या घरचीही होती. पुढे महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना आणली. वि. स. पागे यांचं त्यातलं काम सर्वांना ठाऊक आहे. पण मला त्या योजनेतली एक वेगळी गोष्ट आवडते. 'कामाची हमी' असं नुसतं म्हणून सरकार थांबलं नाही. त्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, ज्याला आपण सगळे प्रोफेशन टॅक्स म्हणतो. मी नवा नवा जिल्हा परिषदेचा मास्तर. पगारातून ते पैसे कापलेले दिसले की आम्ही गुरुजन मंडळी कुरकुर करायचो, पण कशासाठी कापले ते माहीत असायचं. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी आपल्या पगारातून जाते, हे समोर दिसायचं. मी याला सरळ व्यवहार म्हणतो. घेणाऱ्याला माहीत, देणाऱ्याला माहीत.

आता तसं राहिलं नाही. 'मोफत' हा शब्द फलकावर एवढा मोठा असतो की खाली लिहायला जागाच उरत नाही!

आरोग्याच्या योजनेचं मी आमच्या भागातलं सांगतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात शेजारचं नांदेड होतं. आमचं लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याच्या बाकी जिल्ह्यांबरोबर आलं. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना वर्षाला कुटुंबामागं दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. नाव बदलणं हा सरकारचा सगळ्यात स्वस्त खर्च असतो असं मी म्हणायचो, पण नवे फलक, नवी पत्रकं पाहिल्यावर तेही खरं नाही असं कळलं. असो.

तर २०१४ मध्ये आमच्या सालगड्याच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन या योजनेतून झालं. पोरगी नऊ वर्षांची. चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे. तो कागद घेऊन माझ्याकडं आला, "गुर्जी, वाचून सांगा, फुकट करतेत म्हणलालेत, खरं हाय का?" मी त्याला म्हणालो, फुकट काही नसतं, नीट विचारून जा. तो गेला. ऑपरेशनला एक रुपया लागला नाही. जाण्यायेण्याला आणि आधीच्या तपासण्यांना दोन शेळ्या गेल्या, एवढंच. ती पोरगी आता लग्न होऊन नांदते आहे. हे मी लपवून ठेवलं तर मला लिहिण्याचा अधिकार नाही. त्या वर्षी ती योजना नसती तर त्यानं माझ्याकडं पैसे मागितले असते, मी दहा-वीस हजार दिले असते आणि पोरगी गेली असती.

म्हणजे गरजू माणसासाठीची योजना मला मान्य आहे. माझा सूर बिघडतो तो त्यापुढे.

जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की ही योजना आता सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, आणि मर्यादा पाच लाख. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीला, पंतप्रधानांनी सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मानचं कार्ड जाहीर केलं. ते हे माझं कार्ड. आता विचार करा. मला पेन्शन आहे. दोन मुलं कमावती आहेत. चार एकर जमीन आहे. रुग्णालयातल्या खाटा तेवढ्याच, डॉक्टर तेवढेच. रांगेत मात्र आता सालगड्याच्या शेजारी मी उभा. मला इंग्रजी फॉर्म वाचता येतो, माझा विद्यार्थी तिथं नोकरीला असतो, माझा पुतण्या पुण्याहून फोन करतो. सांगा, खाट कुणाला मिळेल? सगळ्यांना दिलं की त्यातलं जास्त हुशारांच्या पदरात पडतं. हे मी शिष्यवृत्तीच्या फॉर्मपासून विहिरीच्या अनुदानापर्यंत चाळीस वर्षं पाहिलं आहे.

दुसरं म्हणजे रुग्णालयं काय करतात. सरकार प्रत्येक उपचाराचा दर ठरवून देतं. तो दर खाजगी दवाखान्याच्या दरापेक्षा कमी असतो, आणि पैसे उशिरा येतात अशी त्यांची ओरड नेहमीची. मग दवाखाना योजनेचा फलक लावतो आणि आत रोख पैशाच्या पेशंटकडं बघतो. २०२२ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या छातीत दुखायला लागलं. तो शेतकरी, केशरी कार्डवाला. रात्री दीड तासाचा रस्ता तुडवत त्याला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. योजनेच्या खिडकीत आरोग्यमित्र नव्हता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, योजनेत सध्या जागा नाही, हवं तर दुसरीकडं न्या. मी विचारलं, रोख भरले तर? तो म्हणाला, लगेच घेऊ. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर! एक लाख साठ हजार भरले, अँजिओप्लास्टी झाली, भाऊ आज शेतात जातो. ते पैसे मी दिले, ते परत मागणार नाही. पण तो फलक अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कुणी म्हणेल, तक्रार करायची होती. रात्री दोन वाजता भाऊ स्ट्रेचरवर असताना टोल फ्री नंबर फिरवून बघा.

आणि सरकारच्या हिशोबाबद्दल काय बोलावं. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगनं आयुष्मान योजनेचा अहवाल दिला. एकाच मोबाईल नंबरवर, म्हणजे दहा वेळा नऊ या आकड्यावर, सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदवलेले सापडले. सरकारनं खुलासा केला की ओळख पटवायला मोबाईल नंबर लागत नाही, तो फक्त संपर्कासाठी असतो. मान्य. पण त्याच अहवालात नोंदीप्रमाणे मरण पावलेल्या रुग्णांवर पुन्हा उपचार झाल्याचीही प्रकरणं होती. माझ्या शाळेच्या हजेरीपटावर असं सापडलं असतं तर विस्तार अधिकाऱ्यांनी मला निलंबित केलं असतं.

त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. दोन दिवसांत आकडा ३१ वर गेला. औषधांचा तुटवडा होता असं लोक म्हणाले, नव्हता असं रुग्णालय म्हणालं, अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या घटकेला पाठवले जातात असंही म्हणाले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं. त्या बाळांच्या आयांपाशी कार्ड असतं तरी काय झालं असतं? बाळ ठेवायला काचेची पेटी लागते, नर्स लागते, औषध लागतं. त्याच्या दीड महिना आधी, १५ ऑगस्टपासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार पूर्ण मोफत केले होते. केसपेपरचे पाच-दहा रुपयेही बंद. ऐकायला छान वाटतं. पण त्या चिल्लरीतून एखाद्या दवाखान्यात कापूस यायचा, बल्ब बदलायचा. आता बल्बसाठीही वरून पैसे यायची वाट पाहायची.

सरकारनं सगळं केलं पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांना मी लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाकडं बोट दाखवतो. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यासारखं शहर सोडून लातूरला आले आणि त्यांनी ते उभं केलं. तेव्हा लातूर हा जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. डॉ. कुकड्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. समाजानं उभं केलेलं काम टिकतं, यावर माझा विश्वास आहे तो अशा माणसांमुळं.

इथवर मी बोललो तेव्हा पुतण्या शांत होता. मग त्यानं मोबाईलवर आकडे दाखवले. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के झाला. मी म्हणालो, २०१७ च्या आरोग्य धोरणात तर २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "मग काका, तुमची तक्रार सरकार जास्त खर्च करतं ही आहे की कमी करतं ही?"

याला उत्तर आहे, पण ते जेवताना सुचलं नाही. तक्रार अशी की कार्डावर खर्च आधी होतो आणि दवाखान्यावर नंतर. नर्सची जागा भरली तर तिचा फोटो फलकावर छापता येत नाही. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात मी बीपीची गोळी आणायला जातो, तीन महिन्यांतून एकदा तरी 'बाहेरून घ्या' अशी चिठ्ठी मिळते. ती गोळी पाच लाखांच्या कार्डात बसत नाही, कारण ते कार्ड भरती झाल्यावर चालतं. बीपीची गोळी वेळेवर न मिळालेला माणूस पुढे अर्धांगवायूनं भरती होईल तेव्हा मात्र चालेल!

पण त्याचा शेवटचा मुद्दा मला लागला, आणि तो इथं लिहायचाच असं ठरवून बसलो आहे. तो म्हणाला, "काका, फक्त गरिबांसाठी ठेवलेली गोष्ट गरीबच राहते. तुमची झेडपीची शाळा बघा. तुम्ही सगळ्या गुरुजींनी आपली पोरं काढून लातूरला घातली, मग त्या शाळेचं छप्पर गळतंय म्हणून ओरडायला कोण उरलं? तुमच्यासारखा माणूस योजनेच्या रांगेत उभा राहिला तरच त्या काउंटरवरच्या पोराला कुणीतरी जाब विचारेल."

माझी दोन्ही मुलं सातवीनंतर लातूरला शिकली, हे खरं आहे. ज्या शाळेत मी शिकवत होतो त्या शाळेत ती नव्हती. त्या वेळी मी मुलांचं भलं पाहिलं, आजही तेच करीन. पण शाळेचं छप्पर खरोखर गळत होतं, आणि मी मुख्याध्यापक असताना चार पत्रं लिहून थांबलो होतो. माझी स्वतःची पोरं त्या पाण्याखाली बसली असती तर चार पत्रांवर थांबलो असतो का?

म्हणून मत बदललं असं मात्र नाही. खाट एक आणि माणसं दोन असतील तेव्हा माझा जाब विचारणं सालगड्याच्या काही कामाचं नाही. आधी खाटा वाढवा, नर्सच्या जागा भरा, गोळ्या ठेवा, खर्च किती आणि कुणाच्या पगारातून ते प्रोफेशन टॅक्ससारखं छापून सांगा. मी माझ्या पेन्शनमधून द्यायला तयार आहे, हे लेखी देतो.

कार्डाचं काय झालं म्हणाल तर पुतण्यानं छापून, प्लास्टिकमध्ये घालून दोन्ही कार्डं पाठवली. माझं मी त्याला परत पाठवणार होतो. हिनं दोन्ही उचलली आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली. हिला गेल्या महिन्यापासून जिना चढताना धाप लागते आहे. मंगळवारी लातूरला दाखवायला जायचं आहे. डबा ती बरोबर घेणार आहे, मी रोख पैसेही घेतले आहेत.